विशेषण कोठे तोडावे?

मराठीतील लांब विशेषण दोन ठिकाणी तुटते. एकदा ते उच्चारात तुटते आणि एकदा अर्थात. उच्चारातल्या तुकड्यांना आपण अक्षरे म्हणतो, अर्थातल्या तुकड्यांना पदे. पहिली तोड कोणाला शिकवावी लागत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही शब्द सावकाश म्हणून दाखवताना त्याची अक्षरे बिनचूक वेगळी करतो. दुसरी तोड, जिला व्याकरणात विग्रह म्हणतात, ती मात्र शिकावी लागते आणि शिकूनही तिच्याविषयी मतभेद उरतात. या दोन्ही तोडी एकाच जागी पडाव्यात अशी आपली न उच्चारलेली अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या पुष्कळदा वेगवेगळ्या जागी पडतात. आणि जेथे तसे होते तेथे विशेषणाच्या पोटातला संबंध, म्हणजे कोणी कोणाला काय केले हा संबंध, वाचकाच्या नजरेआड जातो. प्रस्तुत लेखात मला या नजरेआड जाण्याविषयी लिहायचे आहे. विषय व्याकरणाचा दिसतो. परंतु आपले समीक्षालेखन गेल्या काही दशकांत लांब विशेषणांवर इतके विसंबून राहिले आहे की, ती कोठे तोडायची हा प्रश्न व्याकरणकारांवर सोपवून समीक्षकाला मोकळे होता येणार नाही.

मी रत्नागिरीत, मांडवीच्या बाजूला राहतो. या गावाने मला विशेषणांकडे संशयाने पाहण्याची सवय लावली असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही. मांडवीच्या किनाऱ्याला येथे ‘काळा समुद्र’ म्हणतात आणि रत्नदुर्गाच्या पलीकडे, मिऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्याला ‘पांढरा समुद्र’. समुद्र दोन्हीकडे एकच आहे आणि त्याचा रंगही एकच. काळी आहे ती मांडवीची वाळू. पांढरी आहे ती पलीकडची. म्हणजे ‘काळा समुद्र’ हा शब्दप्रयोग दोन सुटी पदे म्हणून लिहिला जात असला तरी त्याचा अर्थ लावताना ‘काळी आहे वाळू ज्याची तो’ असा बहुव्रीहीचाच विग्रह करावा लागतो. विशेष्य म्हणून समोर उभा असलेला समुद्र हा त्या विशेषणाचा खरा धनी नाही. परगावच्या माणसाला हे सांगावे लागते. गावच्या माणसाला सांगावे लागत नाही. विशेषणाचा विग्रह हा पुष्कळदा गावाच्या स्मरणात असतो, शब्दात नसतो.

दुसरे उदाहरण बाजारातले. गावाच्या नावावरून विशेषण करायचे झाले की मराठी बहुधा ‘ई’ हा प्रत्यय लावते: मालवण, मालवणी; कोल्हापूर, कोल्हापुरी; पैठण, पैठणी. पण ज्या नावाच्या शेवटी आधीच ‘ई’ आहे तेथे हा प्रत्यय दिसेनासा होतो. रत्नागिरी, मांडवी, सांगली या नावांची अशी वेगळी विशेषणे होत नाहीत. ‘रत्नागिरी हापूस’ यातील ‘रत्नागिरी’ हे नाम की विशेषण हे रूप पाहून ठरत नाही. देवगडाच्या बाबतीत ‘देवगडी’ सहज शक्य असतानाही बाजार ‘देवगड हापूस’ असेच म्हणतो; तेव्हा प्रत्ययावाचून नुसते नाव पुढे ठेवण्याची ही रीत केवळ नाइलाजाची नसून सोयीचीही असावी. ‘रत्नागिरीचा हापूस’ म्हटले की षष्ठी येते आणि षष्ठी उगमाची साक्ष देते. ‘रत्नागिरी हापूस’ म्हटले की ती साक्ष सैल होते. आंबा रत्नागिरीत पिकलेला आहे, की रत्नागिरीच्या जातीचा आहे, की केवळ त्या नावाच्या पेटीत भरलेला आहे, हे सांगण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. एका गाळलेल्या विभक्तीने मोकळी ठेवलेली जागा तेव्हा कायद्याला भरून काढावी लागली, असे मला भाषेच्या बाजूने वाटते.

ही दोन्ही विशेषणे लहान आहेत. लांब विशेषणात हाच प्रकार अधिक खोल जातो, आणि त्यासाठीही मला रत्नागिरीबाहेर जावे लागत नाही. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या दानातून येथे एक मंदिर उभे राहिले आणि सर्व जातींच्या हिंदूंना त्यात प्रवेश मिळाला. त्यामागे १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांची प्रेरणा होती. मंदिराचे नाव ‘पतितपावन’. या एका विशेषणाची अक्षरे आणि पदे आपण नीट मोजून पाहू.

लेखनात त्याची अक्षरे सहा: प, ति, त, पा, व, न. बोलण्यात ती चारच उरतात: प, तित्, पा, वन्. शब्दाच्या शेवटचा आणि काही ठिकाणी मधला ‘अ’ मराठी उच्चारात गळतो, हे आपण व्यवहारात जाणतो आणि लेखनात विसरतो. गाताना मात्र गळलेले ‘अ’ परत येतात. भजनात हा शब्द सहाच्या सहा अक्षरांनी उभा राहतो, आणि मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहाच अक्षरे लागत असल्याने हे एक विशेषण एक चरण पुरता भरून टाकते. मराठी भक्तिकवितेत ते इतके रुळले त्याच्या कारणांत या मोजमापाचाही वाटा असावा. तेव्हा ‘या शब्दात अक्षरे किती’ या प्रश्नाला मराठीत एक उत्तर नाही: डोळ्याला सहा, बोलण्याला चार, गाण्याला पुन्हा सहा. अंताक्षरी खेळणारी मुले ‘पतितपावन’नंतर ‘न’ घेतात. त्यांच्या कानाने ‘वन्’ हे एक अक्षर ऐकलेले असते, पण खेळ लिपीच्या नियमाने चालतो.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. बोलताना जो ‘अ’ मध्येच गळतो, तो नेमका पूर्वपदाच्या शेवटचा. ‘पतित्’वर आवाज क्षणभर मिटतो आणि मग ‘पावन्’ येते. ‘लोकमान्य’ या विशेषणाचेही असेच: लिहिताना लो, क, मा, न्य अशी साखळी, बोलताना लोक् आणि मान्य. (ज्यांचे हे विशेषण नावाइतकेच रूढ झाले ते टिळकही १८५६ साली रत्नागिरीतच जन्मले.) म्हणजे अशा समासांत बोलणाऱ्याचा कान पदांचा सांधा ओळखतो आणि पूर्वपदाला सुट्या शब्दासारखे वागवतो. लिपी तो सांधा दाखवत नाही. एका स्मरणिकेची मुद्रिते तपासताना मला हे प्रथम जाणवले. जुळाऱ्याने ओळीच्या शेवटी ‘पतितपा-’ इतका भाग बसवला होता आणि पुढच्या ओळीच्या आरंभी ‘वन’ हे दोन अक्षरांचे अरण्य उगवले होते. लिपीच्या नियमाने त्यात काही गैर नव्हते. कोणतेही अक्षर दुभंगले नव्हते. मी खूण करून तोड ‘पतित-’ आणि ‘पावन’ अशी करवून घेतली. दुसरे मुद्रित आले तेव्हा ओळ व्याकरणाने निर्दोष होती, पण ‘पतित’ हा शब्द एकटाच ओळीच्या कडेला लोंबकळत होता, आणि आजवर देवाच्या विशेषणात विरघळून गेलेला तो शब्द प्रथमच वेगळा दिसला.

सांधे सर्वच विशेषणांत असे ऐकू येत नाहीत. काही ठिकाणी ते कानाला लागत नाहीत, पण डोळ्याला दिसतात. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांप्रमाणे (१९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार) तत्सम ऱ्हस्वान्त शब्द सुटा असताना दीर्घान्त लिहावा आणि समासात पूर्वपदी असताना मुळाप्रमाणे ऱ्हस्व. ‘बुद्धी’, पण ‘बुद्धिनिष्ठ’. ‘भूमी’, पण ‘भूमिहीन’. शाळेत हा नियम कटकटीचा वाटतो आणि तो रद्द करावा अशी मागणीही वेळोवेळी होते. त्या मागणीत तथ्य आहे किंवा नाही हा वेगळा वाद. पण ही ऱ्हस्व वेलांटी आपल्या लेखनात सांध्याची खूण म्हणून काम करते, हे वाद घालताना तरी लक्षात असावे. येथे पद संपले आहे आणि शब्द संपलेला नाही, एवढे ती सांगते.

तिसरा वर्ग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यात सांधा ऐकू येत नाही आणि दिसतही नाही, कारण तो अक्षराच्या आत पडलेला असतो. ‘ब्राह्मणेतर’ हे विशेषण घ्या. ‘ब्राह्मण’ आणि ‘इतर’ ही दोन पदे. संधी होऊन ‘णे’ हे अक्षर तयार झाले. या अक्षरातील व्यंजन ब्राह्मणाचे आहे आणि स्वर दोघांचा मिळून झालेला आहे. शब्द अक्षरांवर तोडायचा म्हटले तर ‘णे’च्या आधी किंवा नंतरच तोडता येतो, आणि कोठेही तोडला तरी एका पदाचा अंश दुसऱ्याकडे जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्राच्या राजकारणाने ज्या सीमेवर एवढा संघर्ष केला ती सीमा त्या चळवळीच्या नावातच एका अक्षरात मिसळून गेली आहे. शिवाय समाजातील बहुसंख्यांचे नाव अल्पसंख्यांच्या नावाला ‘इतर’ जोडून घडवले आहे, हे संधीच्या गुळगुळीतपणामुळे सहसा खटकत नाही. ‘साठोत्तरी’ हा आपल्या समीक्षेचा लाडका शब्द याच वर्गातला. ‘साठ’ हा प्राकृतातून आलेला मराठी संख्यावाचक, ‘उत्तर’ हे संस्कृत पद, संधीचा नियम संस्कृतचा आणि शेवटी ‘ई’ प्रत्यय. सा, ठोत्, त, री अशी चार अक्षरे तयार होतात आणि ‘साठ’ संपला कोठे हे सांगता येत नाही. १९६० नंतर आलेले ते साठोत्तरी की १९६० च्या वाङ्मयाला उत्तर देणारे ते साठोत्तरी, हा अर्थभेद या शब्दात कायम डळमळत राहिला आहे. ‘स्वातंत्र्योत्तर’, ‘वसाहतोत्तर’ या विशेषणांचीही हीच कथा.

सांध्याची खूण लेखनात असावी की नसावी, या प्रश्नाकडे थोडे दुरून पाहिले तर बरे पडते. त्यासाठी मी पोलिश भाषेचे उदाहरण घेतो. ही भाषा महाराष्ट्राला सर्वस्वी परकी नाही: दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले, तेथे त्यांच्या शाळा चालल्या आणि त्या शाळांतून पोलिश मुलांनी आपले व्याकरण कोल्हापूरच्या उन्हात गिरवले. पोलिश ही लांब विशेषणांची भाषा आहे. ‘नव्वद वर्षांचा’ यासाठी तिच्यात एकच सात अक्षरांचे विशेषण आहे, ‘ज्येव्येंज्येश्येंच्योलेत्नी’. ऐकताना ते अवघड वाटते, पण त्याची घडण आपल्या ओळखीची आहे. नव्वद आणि वर्ष ही पदे आधी जोडली जातात आणि मग त्या जोडीला विशेषणाचा प्रत्यय लागतो. ‘पंचवार्षिक’ असेच घडले आहे. वर्षाचे ‘वार्षिक’ होऊन त्याला ‘पंच’ चिकटलेले नाही, तर पाच वर्षे ही जोडी प्रथम झाली आणि ‘इक’ हा प्रत्यय त्या संपूर्ण जोडीचा आहे. अक्षरांच्या रांगेत ‘वार्षिक’ हा तुकडा सुटा ऐकू येतो म्हणून आपण तेथे तोडतो. अर्थाचा कंस मात्र त्याच्याआधीच उघडलेला असतो.

पोलिशमध्ये दोन सोयी आहेत, ज्या आपल्याकडे नाहीत. शब्द कितीही लांबला तरी बलाघात सामान्यतः उपान्त्य अक्षरावर पडतो, त्यामुळे कान शेवटाकडे लागलेला राहतो. आणि दोन विशेषणे जोडताना मध्ये ‘ओ’ हा सांध्याचा स्वर येतो. त्यापुढे जोडरेघ द्यायची की नाही यावरून संबंधाचा प्रकार कळतो. पोलंडचा ध्वज पांढरा आणि लाल, म्हणून ‘ब्यावो-चेर्वोनी’ यात जोडरेघ आहे. दोन्ही रंग समान मानाचे आहेत. ‘शारोन्येब्येस्की’ जोडरेघेवाचून लिहिले तर करड्या छटेचा निळा आणि जोडरेघेसह लिहिले तर करडा व निळा असे दोन रंग. आपल्या परिभाषेत सांगायचे तर द्वंद्वाला रेघ आहे आणि कर्मधारयाला नाही. मराठीत ‘हिरवानिळा’ असे लिहिले तर रंग एक की दोन हे लेखनावरून ठरत नाही. जोडरेघ आपणही वापरतो, पण ती डोळ्याच्या सोयीसाठी. संबंध सांगण्याचे काम तिच्याकडे नियमाने दिलेले नाही.

याचा अर्थ मराठी लेखनाने पोलिशची रेघ उसनी घ्यावी असा नाही. मराठीच्या स्वतःच्या घडणीतही संबंध उघड ठेवण्याची रीत आहे. ती संस्कृत समासात नाही, देशी जोडशब्दांत आहे. काळाकुट्ट, काळीकुट्ट, काळेकुट्ट, हिरवागार, हिरवीगार. येथे लिंगवचनाचा विकार शब्दाच्या मध्यभागी होतो आणि शेवट अविकारी राहतो. त्यामुळे मुख्य पद कोणते आणि जोर देणारे कोणते हे बोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. ‘पतितपावन’सारख्या तत्सम समासात मराठीत असा विकार मध्ये कोठेच होत नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजवर समासाच्या प्रकारांची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. परंतु समासात काय लोपते आणि त्या लोपाचा लाभ कोणाला होतो, असा प्रश्न व्याकरणाच्या चर्चेत येण्याचे कारण नव्हते. तो प्रश्न समीक्षेचा आहे.

हा प्रश्न मला एका वर्गात भेटला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे ‘पतितपावन’चा विग्रह चालला होता. ‘पतितांना पावन करणारा’ असे उत्तर आले आणि मी पुढच्या शब्दाकडे वळणार, इतक्यात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, विग्रहातले हे अनेकवचन कोठून आले? मूळ शब्दात तर वचनच नाही.” प्रश्न व्याकरणाचा होता आणि उत्तरही व्याकरणातच होते: समासात पूर्वपदाची विभक्ती लोपते आणि तिच्यासोबत वचनही, विग्रह करताना ते आपण प्रसंगावरून भरतो. उत्तर देऊन झाले, पण प्रश्न संपला नाही. आपण जे अनेकवचन भरतो ते कोणाचे? रत्नागिरीच्या मंदिराच्या नावात देवाला पतितपावन म्हटले आहे. विशेषण देवाचे आहे, याविषयी शंका नाही. पण त्या विशेषणाचा अर्थ पुरा होण्यासाठी कोणीतरी पतित असावे लागते. आणि मंदिर कोणासाठी उघडले हे माहीत असलेला वाचक ती रिकामी जागा कोणाची नावे घालून भरील, हे सांगण्याची आवश्यकता नाही. देवाच्या विशेषणाने माणसांनाही विशेषण दिले, आणि समासामुळे ते दिल्याचे कोणाला दिसले नाही.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. संतकवितेत पतितपण बहुधा प्रथमपुरुषी असते. कवी स्वतःला पतित म्हणवतो आणि त्या अधिकाराने देवाला त्याच्या ब्रीदाची आठवण देतो. तेथे ‘पतित’ हे पद समासात लपलेले असले तरी बोलणाऱ्याने ते स्वतःवर ओढून घेतलेले असते. त्याची रिकामी जागा ‘मी’ने भरलेली असते. तेच विशेषण अभंगातून निघून एका संस्थेचे नाव झाले की तो ‘मी’ गळून पडतो. मग पतित हे तृतीयपुरुषी होते. शब्द तोच, अक्षरे तीच सहा, विग्रहही तोच. बदलतो तो फक्त बोलणारा. या मंदिराने अनेकांसाठी गाभाऱ्याचे दार उघडले, ही वस्तुस्थिती त्या काळाच्या रत्नागिरीत लहान नव्हती, आणि नावाचा विग्रह करून ती लहान करण्याचा माझा हेतू नाही. दार उघडणारी कृती आणि दारावरचे विशेषण यांत अंतर पडू शकते, एवढेच मला नोंदवायचे आहे.

आता पदाच्याही आत जाऊ. ‘पतित’ हे भूतकालवाचक धातुसाधित आहे: ‘पत्’ म्हणजे पडणे, पडलेला तो पतित. धातू अकर्मक आहे. पडण्याला पाडणारा लागत नाही. ‘बहिष्कृत’ हेही त्याच प्रत्ययाने झालेले धातुसाधित, पण येथे ‘कृ’ धातू सकर्मक आहे. बहिष्कृत म्हटले की बाहेर करणारा कोणीतरी असलाच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, तेव्हा दोन गोष्टी घडल्या. कर्त्याची जागा मोकळी ठेवूनही ती आहे हे सांगणारे रूप आले. आणि विशेषण समासात न घालता सुटे ठेवले गेल्याने ते पहिल्या दृष्टिक्षेपात वाचता आले. त्याआधीच्या, १९२० च्या ‘मूकनायक’ या नावात समास आहे आणि त्याबरोबर समासाची संदिग्धताही: मूकांचा नायक की मूक असा नायक? पत्राचे कार्य पाहून आपण पहिला विग्रह स्वीकारतो. शब्द स्वतः निवडा करून देत नाही. १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ आले. तेच धातुसाधित रूप, तीच सुटी मांडणी, पण ‘बुध्’ हा धातू जागे होण्याचा आहे, आणि जागे होणारा स्वतःच कर्ता असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या विचारवंताने मराठी विशेषणाच्या प्रत्ययात किती अंतर काटले, हे या नावांच्या क्रमावरून दिसते.

‘दलित’ हे रूपही याच कुळातले. मराठी कानाला त्यात ‘दळणे’ ऐकू येते आणि दळण्याला जाते आणि हात दोन्ही लागतात. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आणि त्याच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या साहित्याने हा शब्द स्वतः उचलला. पतित आणि दलित यांत अक्षरांची संख्या एक, प्रत्यय एक, उच्चाराची ठेवणही एक. पहिल्यात पडण्याचा दोष पडणाऱ्याकडे राहतो, दुसऱ्यात तो दुसरीकडे बोट दाखवतो. ‘भूमिहीन’मधील ‘हीन’ हेही असेच एक धातुसाधित, ‘हा’ म्हणजे सोडणे या धातूचे. भूमीने हीन तो भूमिहीन. या विग्रहात जणू जमीनच माणसाला सोडून गेली आहे. ती कोणी घेतली याला समासात स्थान उरलेले नाही.

‘पतितपावन’च्या उत्तरपदाविषयीही एक गोष्ट सांगायची राहिली. संस्कृतात ‘पावन’ म्हणजे पवित्र करणारे. मराठीत ‘पावन होणे’ या प्रयोगामुळे तो शब्द पवित्र झालेल्यालाही लागू लागला. त्यामुळे मराठी कानाने या विशेषणाचा दुसराही एक विग्रह करणे अशक्य नाही: पतित म्हटला गेला आणि पावन झाला तो. मग हे विशेषण देवाचे न राहता दार ओलांडणाऱ्या माणसाचे होईल. व्याकरण या विग्रहाला मान्यता देणार नाही, पण भाषा व्याकरणाला विचारून अर्थ बदलत नाही. मात्र हा विग्रह करण्याचा अधिकार विद्वानांचा नाही. ज्यांच्या नावाने ती रिकामी जागा भरली जाते त्यांचा आहे. त्यांनी तो करावा किंवा संपूर्ण शब्दच नाकारावा. नाकारण्याचा विग्रहही इतिहासात झालेला आहे, आणि १९५६ हे त्याचे वर्ष आहे.

या विवेचनाचा आपल्या लेखनाशी असलेला संबंध आता थोडक्यात मांडतो. समीक्षेत आपण ‘उत्तरआधुनिकतावादी’, ‘आंतरविद्याशाखीय’, ‘मूल्यव्यवस्थानिष्ठ’ अशी विशेषणे घडवतो आणि ती घडवल्याने विचार घडला असे मानतो. या विशेषणांवर माझा आक्षेप लांबीचा नाही. लांबी ही भाषेची ताकद आहे, आणि सात अक्षरांत नव्वद वर्षे मावत असतील तर ती मावू द्यावीत. आक्षेप विग्रह टाळण्याचा आहे. ‘परंपरानिष्ठ समाजव्यवस्था’ असे लिहिताना निष्ठा कोणाची, परंपरा कोणाची आणि व्यवस्था कोणी लावलेली, या तिन्ही षष्ठी आपण गाळतो. आणि आंब्याच्या पेटीवरील नावासारखीच येथेही कोणतीही साक्ष न देण्याची सोय होते. लेख लिहून झाल्यावर त्यातील प्रत्येक लांब विशेषण एकदा विभक्ती आणि वचन परत देऊन, पूर्ण वाक्यात सांगून पाहावे, असा मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रह करतो. काही विशेषणे या कसोटीला उतरतात आणि मग ती समासात ठेवण्याला हरकत नसते. काहींचे वाक्यच होत नाही, ती गाळावीत. आणि काहींचे वाक्य होते, पण ते मोठ्याने वाचायला संकोच वाटतो. लेखकाने सर्वांत अधिक वेळ या तिसऱ्या प्रकारच्या विशेषणांना द्यावा.